मनगटावरून एजंट सांभाळणं: घड्याळाची सोबती अॅप्स कितपत कामाची?

कोडिंग एजंटला, म्हणजे स्वतः कोड लिहून कमांड चालवणाऱ्या एआयला, काम सोपवून खुर्चीवरून उठावं आणि अर्ध्या तासाने परत येऊन पाहावं, तर तो दुसऱ्याच मिनिटाला परवानगी मागून थांबलेला. मधली अठ्ठावीस मिनिटं फुकट. एजंटची खबर घड्याळावर देणारी सोबती अॅप्स या एका दुखण्यावर उभी आहेत. खबर फोनवरही येऊ शकते, पण फोन खिशात नाहीतर दुसऱ्या खोलीत असतो. घड्याळ हाताला असतं.

निकाल आधीच देऊन टाकू. ‘एजंट अडकलाय’ एवढंच कळायला ही अॅप्स उत्तम. मनगटावरून परवानगी द्यायची तर जपून. आणि चालू कामाची प्रगती पाहायला जवळपास निरुपयोगी. जाहिरातीत क्रम नेमका उलटा असतो: आधी रंगीत डॅशबोर्ड, मग ‘एका टॅपमध्ये अप्रूव्ह’, आणि साधी थरथर कुठेतरी तळाशी. अॅप निवडताना डॅशबोर्डकडे बघूच नका. एकच तपासा: तुम्ही काहीच उत्तर दिलं नाही, तर ते काय करतं?

खबर निघते कुठून

या सगळ्या अॅप्सची साखळी सारखीच. संगणकावर एजंटला जोडलेली छोटी स्क्रिप्ट, मध्ये निरोप पोचवणारा सर्व्हर, मग फोन, मग घड्याळ. लोक घड्याळाला दोष देतात, पण बिघाड बहुतेक वेळा पहिल्या कडीत असतो.

क्लॉड कोड या अँथ्रोपिकच्या कोडिंग एजंटमध्ये ही कडी म्हणजे हुक, ठरावीक घटना घडली की आपोआप चालणारी कमांड. होम फोल्डरमधल्या डॉट-क्लॉड फोल्डरात सेटिंग्ज डॉट जेसन असते, तिच्यात कोणत्या घटनेला कोणती कमांड चालवायची ते लिहायचं. घटना घडली की त्या कमांडला स्टँडर्ड इनपुटवर जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर) मिळतो: सेशन आयडी, चालू फोल्डर, संवादाच्या नोंदफाइलचा पत्ता, आणि टूल चालवायचं असेल तर टूलचं नाव आणि त्याचा इनपुट. हुक खरंच लागला का ते सेशनमध्ये ‘स्लॅश हुक्स’ टाइप केलं की दिसतं. अॅपचा इन्स्टॉलर ‘झालं’ म्हणाला तरी इथे एकदा बघाच.

नवशिकी अॅप्स हुक लावतात ‘प्री-टूल-यूज’वर, आणि तिथेच फसतात. ही घटना प्रत्येक टूलच्या आधी घडते, परवानगी लागो वा न लागो. एजंटने फाइल वाचली, थरथर. शब्द शोधला, थरथर. मध्यम आकाराच्या कामात असे शेकडो प्रसंग येतात. पहिल्या दिवशी मजा वाटते, तिसऱ्या दिवशी तुम्ही अॅप म्यूट करता आणि खरा अडथळा त्यातच बुडतो. नुसती खबर हवी असेल तर ‘नोटिफिकेशन’ ही घटना वापरा. एजंटला परवानगी हवी असते तेव्हा, किंवा प्रॉम्प्ट ६० सेकंद रिकामा पडून राहिला की ती सुटते. घड्याळाला याहून जास्त लागत नाही. मनगटावरून उत्तरही द्यायचं असेल तर ‘परमिशन-रिक्वेस्ट’ पाहा. परवानगीची चौकट उघडायची वेळ आली तरच ती घटना घडते.

कोडेक्स या ओपनएआयच्या कोडिंग एजंटचं कॉन्फिग टॉमल फाइलमध्ये असतं. तिथल्या ‘नोटिफाय’ ओळीत प्रोग्रॅमचं नाव दिलं की एजंटची पाळी संपल्यावर तो प्रोग्रॅम चालतो आणि त्याला एजंटचा शेवटचा संदेशही हातात मिळतो. हा शेवटचा संदेश फार मोलाचा, कारण पुढची चूक त्याच्याशीच बांधलेली आहे.

‘काम पूर्ण’ म्हणजे काम पूर्ण नव्हे

क्लॉड कोडची ‘स्टॉप’ घटना एजंटची पाळी संपली की घडते. अॅप त्यावर हिरवी खूण लावून ‘टास्क पूर्ण’ असं घड्याळावर पाठवतं. पण पाळी संपण्याची कारणं निरनिराळी असतात. काम झालं असेल. किंवा एजंटने लिहिलं असेल: ‘मायग्रेशन दोन प्रकारे करता येईल. जुना कॉलम ठेवू की काढू?’ अॅपच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, हिरवी खूण. तुम्ही निवांत चहा घेता आणि एजंट उत्तराची वाट बघत बसतो. ज्या दुखण्यावर औषध म्हणून अॅप घेतलं तेच दुखणं हिरव्या वेष्टनात परत.

उपाय दहा ओळींच्या स्क्रिप्टचा आहे. नोंदफाइल ओळीगणिक जेसन अशा रूपात असते. शेवटचा सहायक-संदेश काढा, त्याची अखेर पाहा. प्रश्नचिन्ह असेल तर शीर्षक ‘प्रश्न’, नसेल तर ‘थांबला’. ‘पूर्ण’ हा शब्द वापरूच नका. टेस्ट पास झाल्या हे स्क्रिप्टने स्वतः पाहिलं असेल तरच तो शब्द शोभतो. जी अॅप्स ‘प्रश्न’ आणि ‘थांबला’ वेगळे दाखवतात त्यांच्या लेखकाने एजंट खरोखर वापरलाय असं खुशाल समजा.

याच घटनेत एक सापळाही आहे. ‘स्टॉप’ हुकची स्क्रिप्ट २ या एक्झिट कोडने (संपताना परत दिलेल्या आकड्याने) बाहेर पडली, तर एजंटला थांबू न देता पुढे ढकललं जातं. निरोप पोचवणाऱ्या स्क्रिप्टने चुकून २ दिला तर एजंट गोल गोल फिरत राहतो, प्रत्येक फेरीला घड्याळ थरथरतं आणि टोकन (एजंटचा वापर मोजायचे मजकुराचे तुकडे) जळतात. नुसती खबर देणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी काहीही झालं तरी शून्य परत करा.

बावीस अक्षरांत मावणारी कमांड

आता पडद्याकडे. ४१ मिलिमीटरच्या अॅपल वॉचचा पडदा १७६ पॉइंट रुंद आहे, ४५ मिलिमीटरचा १९८. वाचता येईल अशा १३ पॉइंटच्या समरुंद फॉन्टमध्ये एका ओळीत बावीस ते पंचवीस अक्षरं बसतात, कडेची जागा सोडली तर त्याहून कमी. नोटिफिकेशनच्या पहिल्या झलकीत अशा दोन-तीन ओळी.

एजंट कमांड कशी लिहितो ते आठवा. बरेचदा सुरुवात ‘सीडी’ (फोल्डर बदलायची कमांड) आणि प्रोजेक्टचा पूर्ण पत्ता अशी असते, मग दोन अँपरसँड, मग खरी कमांड. घड्याळावर दिसतं काय? सीडी, यूजर्स, तुमचं नाव, प्रोजेक्ट्स, क्लायंटचं नाव, आणि तीन टिंबं. पलीकडे टेस्ट चालवणारी ‘एनपीएम टेस्ट’ आहे की जुनं काम पुसू शकणारी ‘गिट पुश फोर्स’, ते टिंबांच्या आड. सगळ्या कमांडींची पहिली ओळ सारखीच दिसत असल्यामुळे चौथ्या-पाचव्या वेळी बोट न वाचताच ‘मंजूर’वर जातं.

चांगलं अॅप इथे तीन गोष्टी करतं. प्रोजेक्टचं नाव शीर्षकात नेतं आणि पत्ता मजकुरातून काढतं. कमांड लांब असेल तर शेपूट न कापता मधला भाग कापतं, कारण जोडकमांडीत धोका बहुधा शेवटी असतो. आणि कमांड पूर्ण दाखवता येत नसेल तर ‘मंजूर’ बटण देतच नाही, फक्त ‘नको’ आणि ‘फोनवर उघडा’. तिसरी गोष्ट करणारी अॅप्स कमी. निवडीचा कस लावायचा तर इथे लावा.

पूर्ण दिसणारी कमांडही फसवते. न विचारता पुसणारी ‘आरएम मायनस आरएफ’ आणि पुढे ‘डॉट स्लॅश बिल्ड’ हे निरुपद्रवी. डॉट आणि स्लॅशच्या मध्ये एक मोकळी जागा पडली की पुसण्याच्या यादीत चालू फोल्डर आणि मुळापासूनचा बिल्ड फोल्डर असे दोन पत्ते येतात. आरएम चालू फोल्डर पुसायला नकार देतो, तो भाग सुदैवाचा, पण डॉटच्या जागी स्टार (सगळ्या फाइल) असता तर नकार दिला नसता. लॅपटॉपवर ती मोकळी जागा डोळ्यांत भरते. ओळ मधेच मोडणाऱ्या घड्याळाच्या पडद्यावर ती नेमकी ओळीच्या टोकाला आली तर दिसतच नाही. पुसणारी, ढकलणारी आणि नेटवरून आणून थेट शेलमध्ये ओतणारी कमांड मनगटावरून मंजूर करू नये. ‘नको’ मात्र कधीही दाबावं. त्याने फार तर पाच मिनिटं जातात.

परवानगीचं उत्तर परत कसं जातं

इथे दोन जाती आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली जात टीमक्समध्ये, म्हणजे टर्मिनलचे अनेक भाग (पेन) करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कळ पाठवणारी. तुम्ही घड्याळावर ‘मंजूर’ दाबलं की अॅप टर्मिनलच्या त्या पेनमध्ये ‘१’ आणि एंटर टाइप करतं. बसवायला सोपी, कोणत्याही एजंटला चालते, म्हणून लोकप्रिय. दोष असा की कळ त्या प्रश्नाला जात नाही, त्या क्षणी पेनमध्ये जे काही असेल त्याला जाते. तुम्ही तीन मिनिटांनी बटण दाबलं, दरम्यान कोणीतरी टर्मिनलवर उत्तर दिलं, एजंट पुढच्या प्रश्नावर आला, तर तुमची परवानगी न पाहिलेल्या प्रश्नाला लागते. पेनमध्ये शेलच उघडा असेल तर ‘१’ ही कमांड म्हणून चालते. ते हास्यास्पद पण निरुपद्रवी. क्लॉड कोडच्या चौकटीत ‘हो’च्या खालीच ‘हो, आणि पुन्हा विचारू नकोस’ हा पर्याय असतो. आकडा एकाने सरकला तर तुम्ही नकळत मोठी मुभा देऊन बसता. ही जात फक्त पाहण्यासाठी ठेवा, उत्तर देण्यासाठी नको.

दुसरी जात हुकमधून उत्तर देणारी. हुकची स्क्रिप्ट प्रत्येक विनंतीला नवा, अंदाज न करता येणारा आयडी देते, तो घड्याळापर्यंत जातो, आणि परत येणारं उत्तर त्याच आयडीचं असेल तरच घेतलं जातं. उशिरा आलेलं उत्तर आपोआप बाद. प्री-टूल-यूज हुकला जेसनमध्ये ‘अलाऊ’, ‘डिनाय’ किंवा ‘आस्क’ असा निर्णय देता येतो. ‘आस्क’ म्हणजे टर्मिनलवर विचार. टाइमआउटला हेच द्यायचं.

वेळा अशा ठेवा: हुकची मर्यादा सेटिंगमध्ये १२० सेकंद, स्क्रिप्टची स्वतःची ९०. नव्वदाव्या सेकंदाला स्क्रिप्ट हार मानून ‘आस्क’ देते, म्हणजे हुक वरून तोडला जायची वेळच येत नाही. घड्याळावर उत्तर द्यायचं तर माणूस अर्ध्या मिनिटात देतो. त्यापुढे थांबण्यात फारसा अर्थ नाही.

या ९० सेकंदांची किंमत मात्र टेबलाशी बसलेल्याला मोजावी लागते. प्री-टूल-यूज हुक चालू असेपर्यंत टर्मिनलवर प्रश्नच येत नाही, आणि तुम्ही समोर बसूनही दीड मिनिट रिकाम्या पडद्याकडे बघत राहता. म्हणून स्क्रिप्टने आधी पाहावं की तुम्ही जागेवर आहात का. मॅकवर आयओरेग कमांडच्या उत्तरात ‘एचआयडी आयडल टाइम’ नावाचा आकडा असतो, नॅनोसेकंदांत. १०० कोटीने भागलं की सेकंद. लिनक्सवर एक्स-इलेव्हनखाली एक्सप्रिंटआयडल मिलिसेकंदांत सांगतं. शेवटची कळ साठ सेकंदांच्या आत दाबली असेल तर घड्याळाला त्रास न देता लगेच ‘आस्क’. जे अॅप हे करत नाही ते दोन दिवसांत वैताग आणतं, बाकी कितीही देखणं असो.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. क्लॉड कोडमध्ये हुकने ‘डिनाय’ दिलं किंवा तो २ कोडने बाहेर पडला तरच टूल अडतं. शून्याशिवायचा दुसरा कोणताही कोड म्हणजे ‘हुकमध्ये गडबड झाली, पुढे चला’, आणि कमांड नेहमीच्या परवानगीच्या वाटेला लागते. पायथन स्क्रिप्ट कोसळली तर कोड १. निरोप धाडणाऱ्या कर्ल कमांडचा टाइमआउट झाला तर २८. नेहमीच्या मोडमध्ये यात धोका नाही, टर्मिनलवर प्रश्न येतो. पण काही जण एजंट ‘सगळ्या परवानग्या वगळा’ या पर्यायासह चालवतात आणि घड्याळावरच्या मंजुरीलाच पहारेकरी समजतात. तिथे नेहमीची वाट म्हणजे थेट रान मोकळं. वायफाय गेलं, स्क्रिप्ट कोसळली, पहारेकरी नाहीसा झाला आणि कमांड चालली, तुम्हाला पत्ताही नाही. अशा वापरात स्क्रिप्टमधली प्रत्येक चूक पकडून २ परत केलाच पाहिजे. अॅपचा कोड खुला असेल तर एवढी एक जागा स्वतः वाचा.

हवेतली चुटकी

अॅपल वॉच सिरीज ९ आणि अल्ट्रा २ पासून, म्हणजे २०२३ पासून, अंगठा आणि तर्जनी दोनदा टेकवली (डबल टॅप) की पडद्यावरची मुख्य कृती होते. नोटिफिकेशन समोर असेल तर मुख्य कृती म्हणजे विध्वंसक अशी खूण नसलेलं पहिलं बटण. अॅपने ‘मंजूर’ पहिलं ठेवलं असेल, तर ती चुटकी म्हणजे मंजुरी. आलेला निरोप पाहायला हात वर केलेला असतो आणि बोटं चाळवतात, एवढंही पुरे. पहिलं बटण ‘फोनवर उघडा’ हवं, किंवा ‘मंजूर’ला विध्वंसक अशी खूण हवी, मग ते लाल दिसेल, दिसू दे. अॅपचं काही करता येत नसेल तर घड्याळाच्या सेटिंगमध्ये डबल टॅप बंद करा.

‘घड्याळ थरथरलंच नाही’

ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार, आणि बरेचदा बिघाड नसतोच. आयफोन उघडून वापरात असेल तर नोटिफिकेशन फोनवर येतं, घड्याळावर नाही. फोन कुलूपबंद आणि घड्याळ मनगटावर उघडं असेल तर घड्याळावर. म्हणजे फोनवर काहीतरी चाळत असताना घड्याळाची वाट पाहू नका. फोकस मोडही घड्याळावर तसाच उतरतो. त्यातून निसटायचं तर अॅपने ‘टाइम सेन्सिटिव्ह’ दर्जा मागितलेला हवा आणि तुम्ही दिलेला हवा. थरथर जाणवत नसेल तर साउंड्स अँड हॅप्टिक्समध्ये ‘प्रॉमिनंट’ निवडा.

वेअर ओएसवर उलटी तक्रार: दोनदा थरथरतं. फोनवरचं नोटिफिकेशन आपोआप घड्याळावर येतं, आणि घड्याळातलं अॅप स्वतःचंही पाठवतं. विकासकाने हे ब्रिजिंग, म्हणजे फोनवरून घड्याळावर आपोआप येणं, नीट आवरलं नसेल तर एकाच निरोपाच्या दोन प्रती. तुमच्या हातातला उपाय म्हणजे फोनच्या सोबती अॅपमध्ये जाऊन त्या अॅपची फोनवरची नोटिफिकेशन घड्याळासाठी बंद करणं. आणि निरोप दहा मिनिटं उशिरा येत असेल तर बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून त्या अॅपला वगळा. डोझमध्ये, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत, गेलेला फोन साधे निरोप साठवून ठेवतो.

‘लाइव्ह टर्मिनल घड्याळावर’ असं आश्वासन देणाऱ्या अॅपबद्दल सावध राहा. अॅपल वॉचवरच्या सामान्य अॅपला वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) वापरायची मुभा नाही. ऑडिओ वाजवणाऱ्यांसारखे मोजके अपवाद सोडून. गंमत अशी की सिम्युलेटरवर ते चालतं आणि खऱ्या घड्याळावर जोडलंच जात नाही, त्यामुळे डेमोचा व्हिडिओ देखणा असतो. घड्याळाच्या चेहऱ्यावरचा ‘३ चालू’ हा आकडाही तसाच. अॅपचं कॉम्प्लिकेशन, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, चेहऱ्यावर असलं तरी पार्श्वभूमीत ताजं व्हायची संधी तासाला फार तर चार वेळा मिळते, म्हणजे आकडा पंधरा मिनिटं शिळा असू शकतो. आयफोनवरून तातडीने धाडायच्या कॉम्प्लिकेशन अपडेटना दिवसाला ५० ची मर्यादा. चालू काम दाखवायचंच असेल तर लाइव्ह अॅक्टिव्हिटी (चालू घडामोडीची ताजी होत राहणारी पट्टी) बरी: वॉचओएस ११ पासून आयफोनवरची लाइव्ह अॅक्टिव्हिटी घड्याळाच्या स्मार्ट स्टॅकमध्ये (माहितीच्या पत्त्यांच्या चळतीत) आपोआप दिसते. ती आठ तासांनी संपते, रात्रभर चालणाऱ्या कामाला पुरत नाही.

शांततेचा अर्थ

घड्याळ गप्प आहे. म्हणजे काम सुरळीत चाललंय, की लॅपटॉप झोपलाय? दोन्हीत मनगटावर सारखंच काही नाही. मॅकवर कॅफिनेट कमांड ‘आय’ पर्यायासह चालवली की रिकामेपणामुळे येणारी झोप टळते. ‘एस’ पर्याय फक्त चार्जर लावलेला असताना लागू होतो. झाकण मिटलं तर यातलं काहीही कामाचं नाही. वापराची मर्यादा संपून एजंट अडकला तरीही हुक सुटेलच याचा भरवसा धरू नका.

यावर साधा चौकीदार बसवा. दर मिनिटाला नोंदफाइलची शेवटची बदलवेळ पाहायची. प्रोसेस जिवंत आहे पण फाइल १५ मिनिटं हललेली नाही, तर एकच निरोप. तुमच्या टेस्ट २० मिनिटं चालत असतील तर हा आकडा २५ करा, नाहीतर प्रत्येक टेस्टला खोटी हाकाटी. आणि चौकीदार दुसऱ्या मशीनवर हवा, झोपलेला लॅपटॉप स्वतःच्या झोपेची बातमी देत नाही. अॅपच्या मुख्य पडद्यावर ‘शेवटची खबर १४ मिनिटांपूर्वी’ अशी ओळ असेल तर ती सगळ्या आलेखांपेक्षा उपयोगी.

एकाच वेळी तीन-चार एजंट चालवणाऱ्यांनी प्रत्येकाला गिट वर्कट्रीमध्ये (त्याच प्रोजेक्टच्या वेगळ्या कामाच्या प्रतीत) वेगळा फोल्डर द्यावा आणि शीर्षकात फोल्डरचं नाव यावं. छत्तीस अक्षरी सेशन आयडी मनगटावर वाचून कोणालाही काही कळत नाही.

स्वतः जुळवायचं तर

तयार अॅप न घेता निरोप्या सेवा वापरूनही हे काम भागतं. एनटीएफवाय खुल्या कोडची आहे. एका पत्त्यावर पोस्ट केलं की निरोप फोनवर येतो, प्राधान्य १ ते ५, निरोपाला जास्तीत जास्त तीन बटणं, आणि बटण दाबलं की एचटीटीपी विनंती धाडता येते. घोळ असा की सार्वजनिक सर्व्हरवर टॉपिकचं, म्हणजे त्या पत्त्याचं, नाव हाच पासवर्ड. नाव कळलेला कोणीही वाचू शकतो आणि लिहूही शकतो, म्हणजे ‘मंजूर’ही पाठवू शकतो. उत्तराचा टॉपिक टोकनने, म्हणजे गुप्त किल्लीने, बंद केलेला असावा किंवा सर्व्हर स्वतःचा असावा. स्वतःचा सर्व्हर आणि आयफोन अशी जोडी असेल तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘अपस्ट्रीम बेस यूआरएल’ भरायला विसरू नका, त्याशिवाय निरोप वेळेवर येत नाहीत.

पुशओव्हरचं स्वतःचं अॅपल वॉच अॅप आहे. त्यातलं प्राधान्य २ तुम्ही दखल घेईपर्यंत पुन्हा पुन्हा वाजतं. दोन आवर्तनांत किमान ३० सेकंद, एकूण फार तर १०,८०० सेकंद. अडकलेल्या एजंटला हे चपखल बसतं. फक्त ‘दखल घेतली’ म्हणजे ‘मंजूर’ असा अर्थ स्क्रिप्टमध्ये लावू नका, तो हात झटकून आवाज बंद करण्याचा प्रकार असतो. निरोपाला १,०२४ अक्षरांची मर्यादा आहे, घड्याळाला ती भरपूर झाली.

मराठीत निरोप पाठवणाऱ्यांसाठी एक तांत्रिक टीप. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. पायथनचं जेसन मॉड्यूल मुळातच प्रत्येक चिन्हाचं सहा बाइटांचं संकेतरूप करतं, त्यामुळे अॅपलच्या ४,०९६ बाइटांच्या मर्यादेत सुमारे तेराशेऐवजी सातशेहूनही कमी चिन्हं मावतात. त्या मॉड्यूलचा ‘एन्शुअर आस्की’ पर्याय फॉल्स करा. एनटीएफवायला मराठी शीर्षक हेडरमधून न पाठवता जेसनमधून पाठवा, नाहीतर मधल्या एखाद्या साधनाने अक्षरांचा खिमा केलेला दिसेल.

निरोपात गुपितं जाणार नाहीत हेही पाहा. एजंटच्या कमांडमध्ये टोकन, पासवर्ड, डेटाबेसचा पूर्ण पत्ता सर्रास असतो. ‘ऑथरायझेशन’नंतरचा आणि ‘टोकन’, ‘की’, ‘पासवर्ड’ यांच्या बरोबरच्या चिन्हापुढचा भाग स्क्रिप्टमध्येच झाका, सर्व्हरवर पोचण्याआधी. घड्याळावर नोटिफिकेशन प्रायव्हसी चालू ठेवली की टॅप केल्याशिवाय मजकूर उघडत नाही. शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांसाठी तेवढं पुरतं.

बोलून उत्तर देण्याची सोय जवळपास सगळी अॅप्स मिरवतात. फंक्शनची आणि फाइलची नावं त्यात इतकी विद्रूप होतात की एजंट भलत्याच फाइलच्या शोधात निघतो. त्यापेक्षा चार ठरीव उत्तरं भरून ठेवा: ‘पुढे चल’, ‘थांब, मी येतोय’, ‘आधी टेस्ट चालव’, ‘बदल कमिट करू नको’. मराठीतली ही उत्तरं एजंटला व्यवस्थित समजतात.

घ्यावं का

आधी अलाऊ यादी नीट करा. टेस्ट चालवणं, लिंट (कोडमधल्या चुकांची तपासणी), गिट स्टेटस, गिट डिफ यांना सेटिंगमध्ये कायमची परवानगी दिली की विचारणा बऱ्याच कमी होतात, आणि उरतात त्या खरंच विचार करण्याजोग्या. कित्येकांचं काम इथेच भागतं. त्यानंतरही एजंट तासन्‌तास चालत असतील आणि तुम्ही टेबलापासून दूर असाल, तर विनंतीला आयडी देणारं, हुकमधून उत्तर नेणारं अॅप घ्या. टीमक्समध्ये कळ पाठवणारं फुकट असलं तरी मंजुरीसाठी नको.

घेतल्यावर पंधरा मिनिटांची चाचणी. रिकाम्या फोल्डरात एजंटला एक निरुपद्रवी फाइल बनवायला सांगा आणि फोन कुलूपबंद करून ठेवा. दहा सेकंदांत थरथर यायला हवी. मग दोनशे अक्षरांची जोडकमांड चालवायला सांगून शेपूट दिसतं का पाहा. मग टर्मिनलवर उत्तर देऊन टाका आणि एजंट पुढच्या प्रश्नावर आल्यावर घड्याळावरचं जुनं ‘मंजूर’ दाबा. काहीही घडता कामा नये. शेवटी संगणकाचं वायफाय जाण्याचं सोंग करा: एजंटचं नेट चालू ठेवून फक्त निरोप्या सर्व्हरचा पत्ता होस्ट्स फाइलमध्ये चुकीचा करा, परवानगी लागणारं काम द्या आणि दोन मिनिटं थांबा. टर्मिनलवर प्रश्न आला तर अॅप ठेवा. फाइल बनून गेली असेल तर आधी हुक काढा, मग अॅप.